न पाहिलेल्या प्रदर्शनाच्या दोन ओळी

मास्तरांचं पोट दुखायचं ते काही ठरावीक ठिकाणी. दातांच्या दवाखान्यात, बँकेच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये, लग्न झालेल्या भाचीच्या नव्या घरी, आणि एकदा रक्त तपासायला गेले होते तिथेही. या सगळ्या ठिकाणी भिंतीवर एक खिडकी असे. खरी नव्हे, चित्रातली. निळ्या चौकटीची, सताड उघडी. पांढरा पडदा वाऱ्याने किंचित आत आलेला, खाली टेबलावर फुलांचं भांडं आणि त्यावर डावीकडून पडलेलं ऊन. उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची मोठी, वळणदार सही. ती सही दिसली की मास्तरांच्या तोंडाची चव जाई.

मास्तर म्हणजे मुलींच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. पण गावातल्या चित्रकारांना ते माहीत होते ते वर्तमानपत्रातल्या सदरामुळे. एकतीस वर्षं दर पंधरवड्याला ते चित्रप्रदर्शनांवर लिहीत आले होते. त्यांची पद्धत पक्की होती. सकाळी दालन उघडताना जायचं, पहिली फेरी कुठेही न थांबता मारायची, दुसऱ्या फेरीत जिथे पाय अडतील तिथे उभं राहायचं, आणि खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने टिपून घ्यायचं. त्यांनी चांगलं म्हटलं तर चित्रकार ते कात्रण पाकिटात घालून फिरत. वाईट म्हटलं तर मास्तर समोरून येताना दिसले की रस्ता ओलांडत. बाकीचं गाव मात्र ते पान उलटून पुढे जाई, हे मास्तरांनाही ठाऊक होतं.

दातांचा दवाखाना त्यांच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. मास्तरांनी एकदा त्याला चांगलंच फैलावर घेतलं. शिकलासवरलेला माणूस तू, भिंतीवर काय लावतोस, वगैरे. मेहुणा हातमोजे काढत शांतपणे म्हणाला, "भाऊजी, तुम्ही सांगितलंत म्हणून मी त्या दुसऱ्या चित्रकाराचं लावलं होतं. ते काळं, मध्ये लाल फराटा असलेलं. दोन पेशंट नंबर यायच्या आधी उठून घरी गेले. खिडकी लावल्यापासून कोणी गेलेलं नाही." बायको हसली. मास्तरांची दाढ दाखवायची राहून गेली ती गेलीच.

खिडक्या काढणारा चित्रकार हा मास्तरांच्याच वर्गातला. कला महाविद्यालयात दोघांचे ईझल शेजारी शेजारी होते. हा खिडकीजवळची जागा सोडत नसे आणि निम्मा वेळ बाहेर बघत बसे, म्हणून त्याचं नाव खिडक्या पडलं. आणि मास्तर तेव्हापासूनच मास्तर, कारण कोणाचं काय चुकलं हे न विचारता सांगायची त्यांना सवय होती. खिडक्याला सावलीत काळा रंग घालायचा नसतो हे त्यांनीच शिकवलं. हाडं, सांधे, कपड्याच्या घड्या, सगळ्यांत मास्तर वर्गात पहिले असत. खिडक्या सातवा-आठवा.

पण दुपारी चहा घेऊन येणारी बाई होती, ती रोज खिडक्याच्या मागे येऊन थांबायची. किटली हातात, चहा निवतोय, आणि ही बघतेय. मास्तरांच्या मागे ती एकदाही थांबली नाही. तीन महिने मास्तरांनी हे मनात मोजलं आणि एक दिवस न राहवून तिला विचारलं. बाई संकोचली. मग म्हणाली, "त्यांच्या चित्रात जाऊन बसावंसं वाटतं. तुमचं... तुमचं बरोबर असतं."

वाईट असतं असं ती म्हणाली असती तर मास्तर ते विसरले असते. बरोबर असतं, हे मात्र त्यांच्या काळजात जाऊन बसलं आणि पुढची चाळीस वर्षं तिथून हललं नाही.

परीक्षा झाली, मास्तर पहिले आले. दोन वर्षं त्यांनी स्वतःची चित्रं काढली, एक प्रदर्शन भरवलं. आलेल्या लोकांनी माना डोलावल्या आणि सरबत पिऊन ते निघून गेले. मग शाळेतली नोकरी, मग लग्न, मग वर्तमानपत्रातलं सदर. ब्रश माळ्यावर गेले. खिडक्याने त्याच सुमारास आपली पहिली खिडकी काढली आणि ती हातोहात गेली. दुसरी गेली, दहावी गेली. मग त्यांचे प्रिंट निघाले, आणि मास्तरांना गावात तोंड फिरवायला मोकळी भिंत राहिली नाही.

खिडक्यावर मास्तरांनी एकूण पाच वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी. त्यांचा मजकूर बायको टाइप करून द्यायची. ती ग्रंथालयात नोकरीला होती आणि बोलण्यात मोजकी होती. एकदा टाइप करता करता ती म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या कोणाला झोडता तेव्हा वाक्यं कशी ऐसपैस असतात. याच्यावर लिहिताना जणू दात आवळून लिहिता." मास्तर म्हणाले, त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं असतं काय?

आणि त्यांनी दिलेली कारणं खोटी होती असं मुळीच नाही. खिडकी कोणत्याही दिशेची असो, ऊन नेहमी डावीकडूनच. फूल कधी कोमेजत नाही. टेबलावर कोणी कप आपटलेला नाही, खुर्चीवरून कोणी रागाने उठून गेलेलं नाही. चित्रासमोर माणूस जसा येतो तसाच परत जातो. हे सगळं खरं होतं, आणि लिहिणारे इतर तिघे-चौघेही उद्घाटनानंतर चहा पिताना हेच म्हणत. एवढा खपतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं एकजण म्हणे आणि बाकीचे माना हलवत. न लिहिण्याजोगं कारण मात्र एकच होतं, आणि ते मास्तर खिडक्याच्या दालनात शिरताक्षणी अंगावर येई. तिथे चित्र असे आणि चित्रापुढे माणसं असत, खूश असत, आणि त्यांना काहीही समजावून सांगायची गरज नसे. मास्तरांना उभं राहायला दोघांच्या मध्ये जागाच नसे.

म्हणूनच बारा वर्षांपूर्वी ती गोष्ट घडली. खिडक्याच्या नव्या प्रदर्शनाचं कार्ड आलं. साधं पांढरं, चित्र नसलेलं. खाली हाताने लिहिलं होतं, "नक्की ये." मास्तर ठरल्या वेळी निघाले. दालन दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या तोंडाशी फलक होता, त्यावर खिडक्याचं नाव ठळक अक्षरांत. मास्तर तीन पायऱ्या चढले आणि थांबले. वर काय आहे ते त्यांना इथूनच दिसत होतं: निळी चौकट, पडदा, ऊन, आणि दारात हसत उभा असलेला खिडक्या. ते उतरले, समोरच्या हॉटेलात चहा प्यायले आणि घरी येऊन त्यांनी दोन ओळी लिहिल्या. "पुन्हा त्याच खिडक्या, पुन्हा तेच ऊन. जाऊन आलेल्याला सांगण्यासारखं काही नाही, न गेलेल्याने काही गमावलेलं नाही."

आज लवकर आलात, असं बायको म्हणाली. प्रदर्शन लहान होतं, असं त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांत न पाहता लिहायचा प्रकार त्यांनी तेवढा एकदाच केला. दुसऱ्या कोणाच्याही बाबतीत त्यांच्या मनाने तो करू दिला नसता.

या गोष्टीला बारा वर्षं झाल्यावर गावच्या कलासंग्रहालयाने नवीन चित्रं घ्यायचं ठरवलं. निवडीसाठी तिघांची समिती होती: संग्रहालयाचे संचालक, एक वयस्कर शिल्पकार बाई आणि मास्तर. तिघांचा होकार असेल तरच चित्र घ्यायचं, असा नियम होता. प्रत्येकाने चित्र एकट्याने पाहायचं आणि आपलं मत कारणांसह एका पानावर लिहून द्यायचं. यादीत दोनच नावं होती. एका तरुण चित्रकर्तीचं, जे मास्तरांनीच सुचवलं होतं, आणि दुसरं खिडक्याचं.

खिडक्याचं नाव वाचून मास्तरांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं एक वाटणी ठरलेली होती. लोक खिडक्याचे आणि संग्रहालय, समिती, जाणकारांचा मान हे सगळं मास्तरांच्या बाजूचं. आता हा इकडेही घुसायला निघाला. शिल्पकार बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या की एखादी. या इमारतीला एक तरी उघडी खिडकी मिळेल. माझा दमा तरी थांबेल." संचालक हसले. मास्तर हसले नाहीत. चित्र न पाहताच त्यांनी घरी संध्याकाळी नकाराचं पान लिहून काढलं, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. "सुबक, लोकप्रिय, आणि म्हणूनच निरुपद्रवी," असा त्यात एक तुकडा होता. तो त्यांना स्वतःलाच फार आवडला. पान घडी करून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं. आता फक्त जाऊन चित्रावर नजर टाकायची, की झालं.

संग्रहालयाचं कोठार तळघरात होतं. ते सांभाळणाऱ्या बाई साखळीचा चष्मा लावायच्या, हातात सुती मोजे घालायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाची आत-बाहेरची वेळ वहीत लिहायच्या. त्यांनी दोन्ही चित्रं स्टँडवर लावून ठेवली होती, एक मोठं आणि एक लहान. मास्तरांना आत सोडून त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.

मोठ्या चित्रासमोर मास्तरांचे पाय अडले.

एक फरशी होती. नुकतीच पुसलेली. बघणारा जणू जमिनीवर बसलाय इतक्या खालून काढलेली. वरच्या कडेला खुर्चीचे दोन पाय आणि बादलीचा काठ, बस्स. अर्धी फरशी वाळलेली होती, अर्धी ओली, आणि दोन्हींच्या मधली सीमा वेडीवाकडी. ती बघता बघता पुढे सरकत असावी असं वाटत होतं. ओल्या भागात उजेड होता पण तो कुठून आला ते दिसत नव्हतं. वाळलेल्या भागावर एका अनवाणी टाचेचा ठसा, तोही निम्मा वाळलेला. पुसणारं माणूस आत्ता उठून आत गेलं होतं. का कोण जाणे, ते दमून गेलं होतं हे कळत होतं. राखाडी रंग किती होते ते मास्तर मोजायला लागले आणि अकरापाशी त्यांनी मोजणं सोडलं.

या पोरीने केवढी मोठी उडी मारली, असं त्यांच्या मनात आलं. आपण नाव सुचवलं ते किती योग्य केलं, असंही. वही काढून ते लिहू लागले. किती दिवसांनी पेन्सिल अशी धावत होती.

मग ते लहान चित्राकडे वळले. एक जिना होता, बऱ्यापैकी काढलेला. हे कोणाचं, ते त्यांना कळेना. ते बाईंकडे गेले आणि खिडकीचं चित्र कुठे ठेवलंय म्हणून विचारलं.

"खिडकीचं कुठलंच नाही सर. ही दोनच आहेत."

त्यांनी फरशीकडे बोट दाखवलं आणि त्या तरुण मुलीचं नाव घेतलं. बाईंनी मान हलवली. तिचा तो जिना, असं म्हणत त्या उठल्या, आणि मोजे घातलेल्या हातांनी त्यांनी मोठं चित्र हळूच फिरवलं. मागच्या लाकडावर पिवळी पडलेली चिठ्ठी होती. खिडक्याचं नाव, प्रदर्शनाची तारीख, चित्र क्रमांक चार. पुढे कुठेही सही नव्हती, ती इथे मागे होती, बारीक अक्षरांत. तारीख बारा वर्षांपूर्वीची होती.

मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते जिन्याच्या तीन पायऱ्या चढले होते, आणि वरच्या मजल्यावर हे होतं.

"बावीस मिनिटं," बाई वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या. "शिल्पकार बाई सात मिनिटांत वर गेल्या. संचालक तर तीन."

सोमवारी मत देतो असं सांगून मास्तर बाहेर पडले. आधी त्यांना लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर लाज नंतर आली. आधी आला तो हेवा, आणि तोही नवा, ताजा, पूर्वी कधी न चाखलेला. खिडक्या वाईट होता म्हणून त्याचा मत्सर करणं सोपं होतं. त्यात आपली मान ताठ राहत होती. आता लोकही त्याचे आणि ही फरशीही त्याची. मग मास्तरांच्या वाट्याला राहिलं काय?

रस्त्याच्या कडेला टपालपेटी होती. तिच्या डोक्यावर त्यांनी खिशातलं पान पसरलं. यात खिडकी हा शब्द दोनदा आला होता. त्यांनी पेन्सिलीने दोन्ही ठिकाणी खिडकी खोडून फरशी लिहिलं आणि मनातल्या मनात वाचून पाहिलं. वाक्यं तशीच उभी राहिली. सुबक, लोकप्रिय, निरुपद्रवी. बाकी एक अक्षर बदलावं लागलं नाही. हे सोमवारी दिलं असतं तर कोणालाही शंका आली नसती. एकतीस वर्षं आपण जे लिहीत आलो त्यातलं किती असं कशाखालीही बसण्याजोगं होतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तराची वाट न बघता पान फाडलं.

शनिवारी सकाळी ते खिडक्याच्या कार्यशाळेत गेले. बंद पडलेल्या छापखान्याच्या वर लांबलचक खोली. सहा ईझल रांगेने उभे, त्यांवर सहा खिडक्या, कमी-जास्त पूर्ण झालेल्या. खिडक्या एकच निळा रंग घेऊन एकीकडून दुसरीकडे जात होता. पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर, अंगात रंगाने माखलेला ॲप्रन.

"ये, ये. पाय जपून टाक, निळा सांडलाय," तो म्हणाला. "नकार द्यायला स्वतः आलास? फोनवर भागलं असतं की लेका."

मास्तरांनी फरशीचं विचारलं. तशी किती होती?

"अकरा."

बाकीची दहा कुठे आहेत, असं विचारल्यावर खिडक्याने ब्रशच्या टोकाने सगळ्या खोलीवरून एक वळसा घेतला. "ह्यांच्याखाली गेली. म्हणजे ह्यांच्या आधीच्यांच्या. कॅनव्हास चांगला होता, फुकट कशाला घालवायचा? वर पांढरा मारला आणि काढल्या खिडक्या. गेल्या पण कधीच्या, कोणाकोणाच्या भिंतीवर असतील. ते एक तेवढं बायकोने कपाटामागे दडवलं म्हणून राहिलं. आता तिनेच संचालकांना नेऊन दाखवलं. मला नंतर कळलं."

दहा चित्रांवर पांढरा का मारलास, असं मास्तरांनी विचारलं.

खिडक्याला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "म्हणजे काय? तू लिहिलंस ना. पुन्हा त्याच खिडक्या, पुन्हा तेच ऊन. मी चिडलो आधी. म्हटलं, एक खिडकी नाही दालनात, आणि हा काय बरळतोय. मग आठवडाभर विचार केला. मास्तरला फरशीत खिडकी दिसली म्हणजे ती असणार. बसलो एकेका चित्रासमोर. आणि दिसली रे. ऊन डावीकडूनच आलेलं. तोच गोडवा. मी फक्त मान खाली घातली होती, बाकी काही बदललं नव्हतं. दोन ओळींत पकडलंस तू. म्हटलं, आपल्याला हेच येतं तर मग उघड उघड हेच करावं."

तो पुन्हा निळ्याकडे वळला. बोलण्यात कडवटपणा नव्हता. आपल्या शब्दाला एवढं वजन आजवर कोणी दिलं नव्हतं, हे मास्तरांच्या ध्यानात आलं, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांना ते गोड लागलं. तोंड मिटून ठेवलं असतं तर त्या दोन ओळी जन्मभर खोल आणि अचूक राहिल्या असत्या. खिडक्यानेच त्यांना अर्थ दिला होता. मास्तरांना फक्त जिना उतरायचा होता.

"मी आलो नव्हतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"तुझ्या प्रदर्शनाला. तीन पायऱ्या चढून परत फिरलो. न बघता लिहिलं ते."

खिडक्याने ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला. ॲप्रनला हात पुसले, परत पुसले. मग स्टुलावर बसला.

"एकदाही नाही? सहा दिवस होतं ते."

"नाही."

"का?"

मास्तरांनी वाक्य जुळवायचा प्रयत्न केला, पण कामाला येईल असं एकच होतं. "तुझ्याकडे लोक येतात म्हणून."

"त्या सहा दिवसांत चौदा माणसं आली," खिडक्या म्हणाला. "त्यातल्या दहा जणांनी विचारलं, खिडक्या कुठायत. मी रोज सकाळी दारात उभा राहायचो. लोकांसाठी नाही रे, लोक काय, ते आज ना उद्या येतातच. तू सकाळी येतोस म्हणून."

चित्र फार चांगलं आहे, असं मास्तर म्हणू लागले तसा त्याने हात वर केला. आत्ता बोललास तर ती दया वाटेल, म्हणाला. आणि मला येऊन सांगण्यात काय मोठेपणा? "जिथे ते छापलंस तिथे हे छाप. आणि आता जा तू. परवा दोन खिडक्या द्यायच्यात, मला भांडायला वेळ नाही."

सोमवारी मास्तरांनी होकाराचं पान दिलं. त्यात फरशीबद्दल तेरा ओळी होत्या, आणि शेवटी, हे चित्र ज्यात होतं ते प्रदर्शन मी न पाहता नाकारलं होतं, अशी एक. संचालक म्हणाले, होकार आहे ना, मग ही ओळ कशाला? मास्तरांनी ती काढू दिली नाही. मग त्यांनी सदराचा मजकूर लिहून बायकोपुढे ठेवला. तिची बोटं मध्येच थांबली. तिने पान वरून खालपर्यंत वाचलं. "त्या दिवशी लवकर आला होतात," एवढंच म्हणाली आणि उरलेलं टाइप केलं. एक शब्द सौम्य केला नाही.

मजकूर छापून आला. वाचकांचं एकही पत्र आलं नाही. पण चित्रकारांचे फोन येऊ लागले. सगळ्यांचा प्रश्न एकच, कोणी नरमाईने विचारी, कोणी खोचून: माझ्या प्रदर्शनाला तरी आला होतात ना? मास्तर प्रत्येकाला तारीख आणि वहीतल्या नोंदी वाचून दाखवत. काहींचा विश्वास बसे, काहींचा नाही. पुढच्या पंधरवड्याला संपादकांनी अतिशय गोड शब्दांत सांगितलं की आता नव्या माणसाला संधी द्यावी म्हणतो. मास्तरांनी बरं म्हटलं. वर्तमानपत्रात आता तेच पान ते दुसऱ्याच्या नावाने वाचत, आणि त्या दुसऱ्याचं एखादं वाक्य जमून गेलेलं दिसलं की चहा अर्धा टाकत.

फरशी संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात लागली. पहिल्या दिवशी मास्तर दार उघडताना गेले. खिडक्या आधीच आलेला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीला टेकून उभा. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. भांडण राहिलं होतं, पण ते इथे करण्याजोगं नव्हतं. मास्तर चित्रासमोर उभे राहिले. कोठारातल्यापेक्षा इथे उजेड बरा होता, टाचेच्या ठशाभोवती आणखी एक राखाडी दिसत होता.

खिडक्या चित्राकडे बघत नव्हता. तो येणाऱ्या माणसांकडे बघत होता. एक जोडपं आलं, न थांबता पुढे गेलं. शाळेच्या मुली आल्या, त्यांनी चित्राशेजारची पाटी वाचली आणि निघाल्या. एका गृहस्थाने पाटीवरचं नाव वाचून इकडेतिकडे पाहिलं, बहुधा खिडकी शोधत, आणि तोही गेला.

"कोणी थांबत नाही रे," खिडक्या हळूच म्हणाला.

"मी थांबलोय ना," मास्तर म्हणाले. "पाऊण तास झाला."

"तू रे," खिडक्या म्हणाला, आणि पुन्हा दाराकडे बघू लागला.

ते दोन शब्द मास्तरांच्या जिव्हारी लागले. दाराशी येणाऱ्या त्या अनोळखी माणसांना, चित्रातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसांना, खिडक्या डोळ्यांत प्राण आणून शोधत होता. त्या माणसांकडे पाहून मास्तरांच्या पोटात जुनीच कळ उठली. या वेळी ती खिडक्याबद्दल नव्हती.

तेवढ्यात भाजीची पिशवी हातात घेतलेली एक बाई आत आली. फरशीसमोरून पुढे गेली, दोन पावलं मागे आली आणि थांबली. मग पिशवी खाली ठेवून ती किंचित वाकली. खिडक्याने मास्तरांचं मनगट घट्ट धरलं. "बघ, बघ," म्हणाला, आणि लगेच मनगट सोडून तिच्याकडे निघाला. तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, काही तरी बोलला. बाई हसली, बोटाने बादलीचा काठ दाखवून काही विचारू लागली.

मास्तर होते तिथेच उभे राहिले. त्या दोघांच्या पाठींमागे चित्र झाकलं गेलं होतं. ते सरकतील म्हणून मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते पुढच्या दालनात गेले.